चार पानांचा निबंध आणि आपल्या उसाचे बेणे



मागील महिन्यात शेतकी ऑफिसकडे डोंबिवलीहून एक पत्र आले. लिहिणारी आपल्याच एका सभासदाची मुलगी. वडील इकडे दोन एकर ऊस करतात. ती थोरल्या भावाकडे डोंबिवलीत राहून कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे पुढचे शिक्षण घेते. तिने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी, की आमच्या क्षेत्रात माणसाची किंमत त्याने किती शोधनिबंध छापले आणि ते जगात किती जणांनी वापरले यावर ठरते. पण बाबा विचारतात की या निबंधांचा आपल्या उसाला काय उपयोग, तर साहेब, मी त्यांना काय सांगू? दुसरी गोष्ट पैशाची आहे, तिचे उत्तर ओघात पुढे येईल.

प्रश्न चांगला आहे आणि तो तिच्या एकटीच्या वडिलांचा नाही. गट ऑफिसात बसल्यावर मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते की, शास्त्रज्ञ कागद काळे करतात आणि आम्ही रान काळं करतो. मी कृषी पदविका घेतलेला माणूस आहे, प्रयोगशाळेत नोकरी केलेली नाही. तरी वीसेक वर्षे बेण्याच्या मागे फिरताना जे वाचले आणि पाहिले, त्यावरून या विषयाचा पाठ मांडतो.

आधी मोजमाप कसे करतात ते पाहू

शास्त्रज्ञ प्रयोग करतो, त्याची कृती आणि निष्कर्ष लिहितो, आणि त्या विषयाच्या नियतकालिकाकडे पाठवतो. तिथे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात. शंका काढतात, प्रयोग पुन्हा करायला लावतात, पुष्कळदा परतही पाठवतात. त्यातून पार पडला तर छापला जातो. पुढे दुसरा कोणी त्याच विषयावर काम करू लागला की आपल्या निबंधाच्या शेवटी लिहितो, "अमुक गोष्ट अमुक यांनी अमुक साली दाखवली आहे." याला आपण दाखला म्हणू. एखाद्या निबंधाचे किती दाखले दिले गेले, हे मोजण्याची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून तशी सूची छापून निघू लागली. २००५ साली हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने माणसाचे काम एका आकड्यात सांगायची युक्ती काढली. एखाद्याचा आकडा वीस असेल तर त्याचा अर्थ असा, की त्याच्या किमान वीस निबंधांचे प्रत्येकी वीस किंवा अधिक वेळा दाखले दिले गेले आहेत. शंभर निबंध छापले, पण वीसच निबंध लोकांनी वापरले, तर आकडा वीसच.

आपल्या भाषेत सांगायचे तर निबंधांची संख्या म्हणजे वजनकाट्यावरचे टनेज आणि दाखले म्हणजे उतारा. गाडी भरून आली म्हणजे साखर भरून आली असे होत नाही. हे सभासदांना मी वेगळे सांगायला नको.

पण उतारा तरी सगळं सांगतो का? एका रानाचा ऊस उताऱ्याला चांगला असतो, पण त्याच्या बेण्यात रोग असतो. तो रोग पुढच्या वर्षी शेजारच्या दहा रानांत जातो. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही आकड्यात ते दिसत नाही. दाखल्यांचेही तसेच आहे. हे समजण्यासाठी आपल्या पुण्यातलेच एक उदाहरण घेऊ. ते माझ्या मते आपल्या सभासदांनी माहीत करून घ्यावे असे आहे.

पाषाण रस्त्यावरची प्रयोगशाळा

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, १९५० साली सुरू झाली. नावात रसायन आहे, म्हणून शेतकऱ्याचा तिथे काही संबंध असेल असे वाटत नाही. पण तिथल्या जीवरसायन विभागात डॉ. व्ही. जगन्नाथन यांच्या देखरेखीखाली आणि पुढे डॉ. ए. एफ. मास्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे आपण सर्रास ज्याला टिश्यू कल्चर म्हणतो त्याचे, काम चालले. झाडाचा एक बारीकसा जिवंत तुकडा निर्जंतुक करून काचेच्या नळीत ठेवायचा. त्याला साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि वाढीची संप्रेरके यांचे खाद्य द्यायचे आणि त्यातून पूर्ण रोप उभे करायचे. हे खाद्य म्हणजे बहुधा मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली निबंधात छापलेली यादी. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत याच यादीवरून खाद्य तयार होते. त्या एका निबंधाचे दाखले अफाट आहेत. ते योग्यच आहे, कारण ती यादी वाचून कोणालाही ती तशीच्या तशी बनवता येते.

१९७५ साली 'इंडियन फायटोपॅथॉलॉजी' या नियतकालिकात हेंद्रे, मास्कारेन्हस, नाडगीर, पाठक आणि जगन्नाथन या पाच जणांचा एक निबंध आला. पाने १७५ ते १७८, म्हणजे चारच पाने. विषय होता उसाच्या शेंड्यातील वाढबिंदूपासून मोझॅक विषाणूमुक्त रोपे वाढवणे.

मोझॅक म्हणजे काय ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. पानावर फिकट पिवळट-हिरव्या रेघा आणि ठिपके उमटतात. कोवळं पान उजेडाकडे धरलं की चटकन दिसतात. ऊस मरत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण फुटवे कमी होतात, कांडी बारीक राहते. अमेरिकेतील लुइझियाना भागात १९२० च्या दशकात याच रोगाने ऊसधंदा बसवला होता. जाव्यातून आणलेल्या नव्या जाती लावल्या तेव्हा तो सावरला. आणि मुख्य अडचण अशी, की उसाची लागण टिपरीने होते. टिपरीत विषाणू असला तर तो पुढच्या उसात, त्यातून खोडव्यात, त्यातून पुन्हा बेण्यात. गवताळ वाढीवर ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याची दोन तासांची प्रक्रिया काही प्रमाणात चालते. मोझॅकवर तिचा भरवसा धरता येत नाही. फवारणीचं तर नावच नको. फवारा मारून मावा मरेल, पण कांडीतला विषाणू मरत नाही.

मग उपाय काय? फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली डेलियाच्या झाडात दाखवले होते, की रोगट झाडाचा सुद्धा अगदी टोकाचा वाढबिंदू बहुधा विषाणूपासून मोकळा असतो. तिथे पेशी भराभर वाढत असतात आणि रसवाहिन्या अजून पोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणू मागे राहतो. हा बिंदू मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली बसून तेवढाच कापायचा आणि नळीत वाढवायचा. कापताना तुकडा मोठा घेतला तर जगतो, पण विषाणूही बरोबर येतो. फार लहान घेतला तर विषाणू नसतो, पण तुकडा मरतो. हातोटी आहे ती इथेच. पुण्याच्या लोकांनी ही हातोटी उसावर बसवली आणि कशी बसवली ते चार पानांत लिहून ठेवले.

हवाई बेटांवर उसाचे ऊतिसंवर्धन त्याच्या आधीच, १९६० च्या दशकात, सुरू झाले होते. निकेल यांनी १९६४ मध्ये आणि हाइन्झ व मी यांनी १९६९ मध्ये त्याबद्दल लिहिले आहे. तेव्हा पुण्याच्या लोकांनी सगळे शून्यातून काढले असे कोणी म्हणू नये. निबंधाचा उपयोगच हा, की एकाने काढलेली वाट दुसऱ्याला पुन्हा खणावी लागत नाही.

पुढे १९८३ साली 'शुगरकेन' नावाच्या नियतकालिकात त्याच गटाचा, हेंद्रे, अय्यर, कोतवाल, खुसपे आणि मास्कारेन्हस यांचा, आणखी एक छोटा निबंध आला. त्यात एका शेंड्यापासून उसाची रोपे झपाट्याने वाढवण्याची पद्धत बसवून दिली होती. जात कुठली? को ७४०. त्या काळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्याच्या गव्हाणीवर उभं राहिलं तर पुढ्यात पडायची तीच. वडीलधाऱ्या सभासदांच्या तोंडी 'सातशे चाळीस' हा शब्द अजून आहे.

आणि मग बांबू

आता त्याच प्रयोगशाळेतली दुसरी गोष्ट. डॉ. रजनी नाडगौडा यांनी १९७८ साली हळदीची रोपे ऊतिसंवर्धनाने वाढवण्यावर सहकाऱ्यांसह लिहिले होते. १९८० साली त्याच विभागातून शंभर वर्षांच्या सागवानाच्या झाडापासून रोपे केल्याचा निबंध आला. १९९० च्या मार्चमध्ये नाडगौडा, परशरामी आणि मास्कारेन्हस या तिघांचा निबंध इंग्लंडच्या 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. 'नेचर' म्हणजे या धंद्यातली पंढरी समजा. पाने ३३५ ते ३३६. दोनच पाने.

त्यात होते काय? आपला ऊस आणि बांबू दोघे गवताच्या एकाच कुळातले, हे आधी ध्यानात घ्या. आपल्या उसाला तुरा येतो. आपल्याला तो आवडत नाही, पण ऊस पैदास करणाऱ्याचे सगळे पोट त्या तुऱ्यावर आहे. दोन जातींचे तुरे जुळवून तो बी धरतो आणि त्यातून नवी जात निवडतो. कोइमतूरला हेच चालते, आंबोलीच्या पैदास केंद्रावरही हेच. बांबूचे तसे नाही. बांबूच्या काही जाती बारा वर्षांनी फुलतात, काही चाळीस-पन्नास वर्षांनी, काही एकशेवीस वर्षांनी. फुलतात त्या सगळ्या एकदम, मैलोन्‌मैल, आणि बी धरून मरतात. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमारास असा फुलोरा आला तेव्हा बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी भात खाल्ले आणि दुष्काळ पडला. तोच फुलोरा २००७ च्या सुमारास पुन्हा आला. आता अशा पिकात पैदास करणाऱ्याने करायचे काय? आयुष्यात एकदा फूल पाहायला मिळेल, तेही नशीब असेल तर.

पुण्याच्या तिघांनी बांबूची रोपे नळीत वाढवली, नारळाचे पाणी आणि एक संप्रेरक यांचे खाद्य दिले, आणि नळीतल्या त्या इवल्याशा रोपांना काही महिन्यांत फुले आली. दोन जातींत हे दिसले, एक आपला काटेरी कळक आणि दुसरी ब्रँडिसी. नुसती फुले नाहीत, रुजणारे बीसुद्धा धरले. 'नेचर'ने त्याच अंकात यावर वेगळे टिपण लिहवून घेतले. परदेशी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्यानंतर बांबूच्या फुलोऱ्यावर जगात कोणीही काही लिहिले तर पुण्याच्या या दोन पानांचा दाखला दिल्याशिवाय त्याला पुढे जाता आले नाही. चीन, तैवान, युरोप, सगळीकडे.

आता दोन्ही निबंध शेजारी ठेवा. दाखल्यांच्या काट्यावर बांबूचे पारडे इतके जड, की उसाचे चार कागद हवेत उडतील. कारण सरळ आहे. बांबूचे कोडे साऱ्या जगाचे होते. को ७४० चा मोझॅक हा सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरचा प्रश्न होता. ब्राझीलचा शास्त्रज्ञ को ७४० चा दाखला कशाला देईल? शिवाय एक नियतकालिक सगळे जग वाचते, दुसरे या देशातल्या रोगशास्त्रज्ञांपुरते.

पण शेतात काय झाले ते बघा. बांबूची लागवड आजही कंद, कांड्या, बियांपासूनची रोपे आणि ऊतिसंवर्धित रोपे यांवरच चालते. शहापूर, मुरबाड, जव्हारकडे जाऊन पाहा. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या या डोंगरपट्ट्यात माणवेल आणि कळक तोडणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या दारात 'नेचर'ची दोन पाने काही येऊन पडलेली नाहीत. ज्ञान म्हणून तो शोध मोठाच आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. फुलोऱ्याचे घड्याळ बाहेरून फिरवता येते हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि उसाच्या चार पानांचे काय झाले? ती हातोटी एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेली. आज मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेतून कारखान्यांना जी रोपे मिळतात, ती वाढबिंदू कापून नळीत वाढवण्याच्या याच पद्धतीने तयार होतात. आपल्या बेणे मळ्यात तीच लावतात. मळ्याच्या पाटीवर जातीचे नाव असते. निबंध लिहिणाऱ्याचे नाव नसते, आणि कोणी विचारतही नाही.

याच पद्धतीची केळी तर सगळ्यांनी खाल्लेली आहेत. जळगावकडून कल्याणच्या बाजार समितीत जी ग्रँड नैन केळी येतात, त्यांची रोपे बहुतांशी ऊतिसंवर्धनाची. डोंबिवली स्टेशनबाहेर डझनाचा भाव करणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते.

म्हणून त्या मुलीच्या वडिलांना माझे सांगणे असे, की निबंधाचा उसाला उपयोग आहे का हा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचे उत्तर पंधरा वर्षांनी विचारावे. १९७५ ला विचारले असते तर कोणीही "काही नाही" असेच सांगितले असते. आणि मुलीला सांगणे असे, की आकडा लहान म्हणून काम लहान समजू नये, पण आकडा लहान असण्याची फुशारकीही मारू नये. काही लोक म्हणतात, "आम्ही शेतकऱ्यांसाठी काम करतो, म्हणून आमचे निबंध कोणी वाचत नाही." तेही खोटे. ज्या निबंधात कृती धड लिहिलेली नसते, मिश्रणाचे प्रमाण नसते, किती रोपांतून किती जगली ते नसते, तो निबंध शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही आणि शास्त्रज्ञाच्याही नाही. चार पानांचे महत्त्व यात होते, की वाचून दुसऱ्याला तेच करता आले.

काट्यात खोट कशी येते

दाखल्यांच्या हिशेबात गडबडी चालतात, त्याही सांगतो. काही लोक प्रत्येक निबंधात आपल्याच जुन्या निबंधांचे दाखले घालतात. काही जण सावड करतात. आपल्याकडे भांगलणीला जशी सावड, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तशी दाखल्यांची सावड. शिवाय ज्या विषयात माणसे जास्त, तिथे दाखले जास्त. माणसाच्या आजारावर काम करणारे लाखो, उसाच्या गवताळ वाढीवर काम करणारे मूठभर. दोघांना एकाच काट्यावर घालणे म्हणजे आडसालीचे टनेज सुरूच्या टनेजशी लावून सुरूवाल्याला नावे ठेवणे. २०१२ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामाच काढला, की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नका, निबंध वाचून करा. पुष्कळ संस्थांनी त्यावर सह्या केल्या. पाळतात किती, ते वेगळे.

मराठीत लिहिलेल्याचा तर हिशेबच नाही. कृषी खात्याच्या 'शेतकरी' मासिकातला लेख हजारो घरांत वाचला जातो. चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत एखादी शिफारस मंजूर झाली की ती पुढे राज्यभर शेतात उतरते. या दोन्हींचा दाखला त्या सूचीत चढत नाही. नव्या जातीचेही तेच. को ८६०३२ आपल्या किती रानांत उभी आहे ते चिटबॉयला विचारा, तो बोटावर सांगेल. त्याची नोंद कोणत्याही निबंधाच्या खात्यावर होत नाही.

आता तिचा पैशाचा प्रश्न. तिला कोणा नियतकालिकाकडून निरोप आला आहे, की इतके रुपये भरा, आठ दिवसांत छापून देतो. तर बाई, पैसे मागितले म्हणजे लबाडी असे सरसकट म्हणता येत नाही. काही चांगली नियतकालिकेही छपाईचा खर्च लेखकाकडून घेतात आणि त्या बदल्यात वाचकाला फुकट वाचू देतात. खूण दुसरीच आहे. आठ दिवसांत छापतो म्हणणारा ते तपासणार कधी? दोन-तीन जाणकारांनी वाचायचे, शंका काढायच्या, तू उत्तरे द्यायची, याला महिने लागतात. जिथे शंकाच येत नाही तिथे कोणी वाचतच नाही. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यातील ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन ठरण्यासारखी होती. पुढे आयोगाला ती यादीच बदलावी लागली. अशा ठिकाणी छापलेला निबंध म्हणजे पाचटासकट तोललेली गाडी. काट्यावर वजन दाखवते, पण गाळप झाले की कळते. आणि एकदा छापला की तोच निबंध चांगल्या ठिकाणी देता येत नाही, हा तोटा वेगळाच. तेव्हा पैसे भरू नकोस. तुझ्या मार्गदर्शक बाईंना विचार, की तुम्ही स्वतः गेल्या पाच वर्षांत कोणत्या नियतकालिकातले निबंध वाचून प्रयोग केलात. जिथले वाचून प्रयोग होतात, तिथे पाठव. परत आला तरी त्यावरचे शेरे फुकट मिळतात, ते जपून ठेव.

वडिलांचे पैसे उसाच्या बिलातून येतात, तेही कापून-कापून, हे तिला सांगायची गरज नाही. पण असे निरोप पाठवणाऱ्यांना ते ठाऊक असते, म्हणून लिहिले.

आता रोपांविषयी

निबंधाचा उपयोग काय हे डोळ्यांनी बघायचे तर ऊतिसंवर्धित रोपांचा बेणे मळा बघावा. त्याबद्दल सभासदांत गैरसमज आहेत, ते याच निमित्ताने मांडतो.

पहिला गैरसमज असा, की टिश्यूचं रोप म्हणजे रोग येणारच नाही. रोप विषाणूमुक्त असते, विषाणूला न जुमानणारे नसते. शेजारच्या रानात मोझॅकचा खोडवा उभा असेल तर मावा तिथला विषाणू आणून तुमच्या निरोगी रोपावर सोडणारच. म्हणून बेणे मळा जुन्या उसापासून लांब ठेवावा आणि आत एखादे रोगट बेट दिसले तर मुळासकट उपटून बाहेर न्यावे. ते जाग्यावर पडू देऊ नये.

दुसरा गैरसमज टनेजचा. ऊतिसंवर्धित रोपाला पहिल्या वर्षी फुटवे पुष्कळ येतात आणि कांड्या बारीक राहतात. काही सभासद ते बघून नाराज होतात, म्हणतात, साहेब, हे तर गवत झालं. ते गवत नव्हे, आणि गवताळ वाढही नव्हे. गवताळ वाढीत फुटवे पांढरट-पिवळे पडतात आणि त्यांचा ऊस बनत नाही. इथे पाने हिरवीगार असतात. हा पहिला ऊस गाळपासाठी नसतोच, तो बेण्यासाठी असतो. त्यापासून धरलेल्या दुसऱ्या वर्षीच्या उसाची कांडी नेहमीसारखी भरते. पहिल्या वर्षीचे ते मूलभूत बेणे, त्याचे पुढच्या वर्षी पायाभूत, त्याच्या पुढे प्रमाणित, आणि मग तुमच्या लागणीला. टिपरीने लावले तर एका एकराचे बेणे आठ-दहा एकरांना पुरते. म्हणजे एक एकर मळा तिसऱ्या वर्षी शंभर एकरांच्या आसपास पोचतो. यात घाई चालत नाही. दहा-अकरा महिन्यांच्या वरचे जुने बेणे घेऊ नये.

रोपे घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मातृझाड कोणत्या जातीचे आणि कोणी प्रमाणित केलेले? रोपे वाढबिंदूपासून केलेली आहेत, की पेशींचा गोळा वाढवून त्यातून काढलेली? गोळ्यातून काढलेल्या रोपांत जात बदलण्याचा धोका जास्त असतो. आणि विषाणूची तपासणी झाली आहे का? २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सुरू केली आहे, त्याचा दाखला प्रयोगशाळेकडे मागता येतो. मागायला संकोच करू नये. रोपे शेडमध्ये चार-सहा आठवडे कणखर केलेली असावीत. नळीतून काढून थेट रानात लावलेले रोप उन्हात टिकत नाही. लागण चार ते पाच फुटी सरीत, दोन रोपांत साधारण दोन फूट अंतर ठेवून, वाफशावर करावी आणि पहिले दहा-बारा दिवस हलकी पाणी-पाळी ठेवावी.

पूर्वहंगामी लागणीसाठी ज्यांना बेणे मळा करावयाचा आहे, त्यांनी आपल्या गट ऑफिसात सातबारा आणि पाण्याच्या सोयीची माहिती देऊन नाव नोंदवावे. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकते की नाही हे चिटबॉय येऊन पाहील. अर्धा एकरही चालेल, पण शेजारी मोझॅकचा खोडवा नको.

— ऊस विकास अधिकारी